कवडीपाट: पक्षी खरे, फोटो अर्धे

चक्रवाक बघायचे तर हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला जा, असं पुण्यात कुणीही सांगेल. ते खरंच आहे. थंडीत ही भगवी बदकं इथे हमखास असतात. पण फोटो टाकणारे कडेची घाण सफाईने कापतात, आणि वास काही फोटोत येत नाही.

हे अभयारण्य नाही. फाटक नाही, तिकीट नाही, स्वच्छतागृह तर नाहीच. मुळा-मुठेवरचा एक जुना, ठेंगणा बंधारा आहे, बस्स.

आणि तो बंधाराच खरी परीक्षा. दोन शहरांचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी त्याच्यावरून पडते आणि पांढरा फेस होतो. जलपर्णीत पिशव्या, थर्माकोल, चपला, निर्माल्य, काचेसकट देवांच्या तसबिरी. बंधाऱ्यावरून चालताना मधल्या टप्प्यात शेवाळ, कठडा नाही, आणि नेमकं तिथेच समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल हॉर्न वाजवत येते. बाजूला व्हायला जागा म्हणजे तोच फेस. सँडल घालून येणाऱ्यांनी काठावरूनच बघावं. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असेल तर या बाजूला फिरकूच नका.

गंमत अशी की पक्ष्यांना हे सगळं चालतं. बंधाऱ्याखालच्या उथळ गाळात किडे-अळ्यांची रेलचेल, त्यामुळे लाल पायांचे शेकाटे घोळक्याने चरत असतात. एवढे पक्षी म्हणजे नदी निरोगी, असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा. हळदी-कुंकू बदकं, धोबी, राखी बगळे, नदी सुरय सहज दिसले. कवड्या खंड्या तर हवेत एका जागी फडफडत थांबला, त्या काळ्या पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. आम्ही नाकावर रुमाल धरून टाळ्या कशा वाजवणार?

डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच पोचा. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, फेस डोळ्यांवर चमकत नाही. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. मास्क न्या, डबा नेऊ नका, तिथे घास उतरत नाही. लहान मुलांना मुळीच नको. नऊच्या आत परत फिरा, नाहीतर हडपसरच्या गर्दीत पक्षी बघितल्याचा सगळा आनंद जिरतो.