एररची दुसरी ओळ

एका मॅडमच्या लॅपटॉपवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालत नव्हती आणि का चालत नव्हती ते पडद्यावर लिहिलेलं होतं. माझ्याकडे येण्याआधी तो लॅपटॉप बऱ्याच जणांच्या हातांतून गेला होता. मजकूर सगळ्यांनी पाहिला होता, वाचला कुणीच नव्हता. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात काम करतो. विंडोजवर पायथॉन चालत नाही ही तक्रार आम्हाला नवी नाही आणि बहुतेक वेळा कारणं दोनच निघतात. एक म्हणजे इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तळाशी पाथची (प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीची) चौकट असते, तिच्यावर टिक करायची राहून जाते. दुसरं म्हणजे २०१९ पासून विंडोज १० मध्ये पायथॉनच्या नावाची एक पोकळ फाइल आधीच बसलेली असते आणि ती खऱ्या पायथॉनऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. ‘व्हेअर पायथॉन’ अशी आज्ञा दिली की नेमकी कोणती फाइल धावतेय ते कळतं. पाचेक मिनिटांत माणूस परत आपल्या कामाला लागतो.

इथे ‘व्हेअर’ बरोबर उत्तर देत होतं. पायथॉन जागेवर होता, पाथमध्येही होता. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या कोड लिहायच्या प्रोग्रॅमबद्दल मॅडमची तक्रार एवढीच होती, “आयडल उघडतच नाही. डबल क्लिक केलं की जरा वेळ गोल फिरतं आणि मग काहीच नाही.” हे खरंच तसंच दिसतं. आयडल ज्या पायथॉनवर चालतं त्याला स्वतःची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) नसते, त्यामुळे सुरुवातीलाच तो कोसळला तर त्याचा एरर दाखवायला जागाच उरत नाही. समोरच्याला वाटतं, मशीनच मेलं.

मग प्रत्येकाने तेच केलं होतं. जुना काढा, नवा टाका. पाथमध्ये तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे पत्ते पडून होते, त्यातले दोन तर अस्तित्वात नसलेल्या फोल्डरांचे. इन्स्टॉलर दर वेळी ‘यशस्वी’ म्हणायचा, कारण फायली जागच्या जागी ठेवण्याचं काम तो चोख करत होता. एकाने तर सरळ फॉरमॅट मारून दिला होता. त्यानंतर काही दिवस पायथॉन चालला आणि पुन्हा बंद पडला. तेव्हा लॅपटॉपच खराब आहे असं ठरलं. मॅडम मला म्हणाल्या, “सर, मला वाटतं हे प्रोग्रॅमिंग आपल्याला झेपणारं नाही.” ज्या बाईंनी आयुष्यभर नाजूक यंत्रांवर मोजमापं घेतली, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला खूप राग आला. त्यांच्यावर नाही, ‘फॉरमॅट मारा’ म्हणणाऱ्यांवर.

मी कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं ‘पायथॉन’ लिहिलं. पंधरावीस ओळींचा ढीग आला. शेवटाकडे सिंटॅक्सएररची, म्हणजे कोड लिहिण्यातली चूक सांगणारी ओळ. सगळ्यांची नजर तिथेच जाते. पण मॅडमनी एकही अक्षर कोड लिहिलेला नव्हता, मग सिंटॅक्स चुकलं कुणाचं? त्याच्या वरच एका फाइलीचा पत्ता होता: एन्कोडिंग्ज नावाच्या फोल्डरातली फाइल, ओळ १२३. पत्त्यात मध्येच ‘पायथॉन२७’ असं फोल्डर. आणि ती चुकलेली ओळ ‘रेझ’ने सुरू होणारी, पुढे एररचं नाव आणि मग स्वल्पविराम.

तो स्वल्पविराम पाहिला आणि मी खुर्ची पुढे ओढली. एरर फेकताना नाव, स्वल्पविराम, मग मजकूर ही जुन्या पायथॉन २ ची लिहिण्याची पद्धत. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आला तेव्हाच ती बंद झाली. म्हणजे नवा पायथॉन ३ सुरू होताना स्वतःची लायब्ररी (सोबत आलेल्या तयार कोडच्या फायली) सोडून पायथॉन २.७ ची लायब्ररी वाचत होता आणि पहिल्याच जुन्या वळणाच्या ओळीवर अडखळत होता. एन्कोडिंग्ज हे मॉड्यूल पायथॉनला अगदी आरंभीच लागतं. फायलींची नावं कोणत्या अक्षरसंचात वाचायची हे त्यावरून ठरतं आणि ते मिळालं नाही तर पायथॉन आज्ञेची वाट पाहणारं आपलं ‘>>>’ हे चिन्हसुद्धा दाखवू शकत नाही.

मग मी ढीग वरून वाचायला घेतला. पहिली ओळ शीर्षकाची, खाली पायथॉनच्या रस्त्यांची मांडणी दिली आहे एवढं सांगणारी. दुसरी ओळ पायथॉनहोमची. त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि त्याच २.७ च्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. गुन्हेगार नाव-पत्त्यासह दुसऱ्याच ओळीत उभा होता.

पायथॉनहोम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे मशीनवर नाव देऊन ठेवलेली, प्रोग्रॅमांना वाचता येणारी एक नोंद. एरवी पायथॉन आपली लायब्ररी स्वतःच्या एक्झी फाइलीच्या जागेवरून शोधतो. हा व्हेरिएबल असला की तो स्वतः शोधणं सोडतो आणि सांगितलेल्या पत्त्यावर जातो, मग तिथे कुणाचीही लायब्ररी असो. कोणताही पायथॉन काढा किंवा टाका, या व्हेरिएबलला धक्का लागत नाही. खात्रीसाठी मी ‘पायथॉन’पुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल ‘ई’ दिलं. त्याने पायथॉनशी संबंधित सगळे व्हेरिएबल तेवढ्यापुरते दुर्लक्षित होतात. पायथॉन तत्क्षणी उघडला. मॅडम म्हणाल्या, “अहो, झालं की!” झालं नव्हतं, पण निदान पक्कं झालं होतं.

मी फोल्डरचं नाव दाखवून विचारलं, “हे कशाचं?” ते त्यांच्या मोजणी यंत्राचं सॉफ्टवेअर. फॉरमॅटनंतर पुन्हा टाकलेलं. तेव्हा ते ‘काही दिवस चाललं’ उलगडलं. फॉरमॅटने व्हेरिएबल गेला, पायथॉन चालला. मग यंत्राचं सॉफ्टवेअर आलं, त्याने व्हेरिएबल पुन्हा रोवला. फॉरमॅट मारणाऱ्याला वाटलं आपला उपाय बरोबर होता, लॅपटॉपच दगा देतोय. त्याचा उपाय चालल्यासारखा दिसला, म्हणून खरं कारण आणखी खोल गाडलं गेलं.

आता व्हेरिएबल उडवणं सोपं होतं. मी ते केलं नाही. यंत्राचं सॉफ्टवेअर त्यावर उभं असेल तर मॅडमचं मोजमाप थांबेल, आणि पायथॉन त्यांना हवा होता तो त्याच मोजमापांच्या विश्लेषणासाठी. म्हणून तीन ओळींची बॅच फाइल, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिली. पहिली ओळ पायथॉनहोम त्या खिडकीपुरता ठरवते, दुसरी सॉफ्टवेअरच्या फोल्डरात जाते, तिसरी ते सुरू करते. बॅच फाइलीत असा ठरवलेला व्हेरिएबल फक्त ती चालते त्या खिडकीत आणि तिथून सुरू केलेल्या प्रोग्रॅममध्ये जगतो, बाकी मशीनला त्याचा पत्ताही नसतो. मग सिस्टिम व्हेरिएबलमधली नोंद काढली, डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट बॅच फाइलीकडे वळवला आणि उघड्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. हे शेवटचं फार जण विसरतात. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना व्हेरिएबलांची आपली प्रत घेतो, त्यामुळे आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनंच जग पाहत बसते.

मॅडमनी यंत्र जोडलं, एक जुना नमुना मोजला, आकडे आधीच्या नोंदीशी ताडून पाहिले. जुळले. दुसऱ्या खिडकीत पायथॉन ३ उघडा होता. दोन्ही एकाच वेळी, एकाच मशीनवर.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांबद्दल माझं मत कठोर आहे. स्वतःसोबत आणलेल्या पायथॉनसाठी ग्राहकाच्या अख्ख्या मशीनवर पायथॉनहोम लादणं हा बेजबाबदारपणा आहे. पायथॉन २.७ ला १ जानेवारी २०२० पासून आधार नाही. आणि या व्हेरिएबलचा उपद्रव पायथॉनकर्त्यांना इतका माहीत आहे की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एकेका कामासाठी वेगळा ठेवलेला पायथॉन) चालू करणारी त्यांची स्क्रिप्टही आधी पायथॉनहोम बाजूला काढून ठेवते.

पण माझा जास्त राग आमच्याच धंद्यावर आहे. नव्या मुलांना इन्स्टॉल करायला शिकवतात, एरर वरून खाली वाचायला कुणी शिकवत नाही. लांब मजकूर दिसला की खिडकी मिटायची आणि ‘अनइन्स्टॉल’वर क्लिक करायचं. त्या दुसऱ्या ओळीत तांत्रिक शिक्षण लागावं असं काही नव्हतं. एक पत्ता होता, आणि तो कशाचा हे मॅडमना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी त्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हा व्हेरिएबल काढल्यास सॉफ्टवेअर चालणार नाही. मी त्यांना बॅच फाइल पाठवली आणि मॅडमच्या त्या दिवशीच्या मोजणीची नोंदही. पुढचं उत्तर अजून नाही. त्यांचं अपडेट आलं की व्हेरिएबल परत बसणार हे जवळजवळ नक्की आहे, म्हणून तो कुठे पाहायचा आणि कसा काढायचा हे मी मॅडमना त्यांच्याच हाताने दोनदा करायला लावलं. आता त्या रोज पायथॉनमध्ये आलेख काढतात. परवा त्यांचा फोन आला, एका नव्या एररसाठी. पहिली ओळ त्यांनी मला वाचून दाखवली, मग दुसरी, आणि तिसरी वाचता वाचताच म्हणाल्या, “थांबा सर, फाइलीचं नाव चुकलंय माझं,” आणि फोन ठेवला.