साळुंकी नव्हे, मायनर!

सिडनीत बहिणीकडे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच बाहेरच्या कलकलाटानं उठवलं. माझ्या पोटातल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेअकरा! खिडकीतून पाहिलं तर राखाडी अंग, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळा डाग.

"अगं, इथे पण साळुंक्या?"

"मामा, ती साळुंकी नाही," भाच्यानं कॉर्नफ्लेक्स खाता खाता सांगितलं. "तो नॉइझी मायनर. इथलाच. तुमची वेगळी."

नावाचा घोळ मात्र आपल्याच मैनेपासून सुरू झालाय. गोऱ्यांनी दिसण्यावरून 'मैना' म्हटलं, त्याचं झालं मायनर. नात्यानं पाहिलं तर हा मधखाऊ पक्ष्यांच्या कुळातला. मध टिपायला जिभेच्या टोकाला ब्रशसारखे तंतू असतात. निलगिरीच्या पानांवरचे बारीक किडे अंगावर गोड पांढरं कवच करतात, तेही खरवडून खातो. कॅफेत तर आमच्या शेजारच्या टेबलावरून एकानं साखरेची पुडी उचलली, पायाखाली दाबली आणि चोचीनं टराटरा फाडली. वेटरनं ढुंकूनही पाहिलं नाही.

खरा अवतार दिसला पॅरामाटा पार्कात. फांदीवर एक कूकाबुरा, म्हणजे इथला थोराड खंड्या, बसला होता, मायनरच्या चारपट वजनाचा. एका मायनरनं हाळी दिली आणि बघता बघता दहाबारा जमा! डोक्यावरून सूर मारायचे, चोची वाजवायच्या, परत फिरायचं. कूकाबुरा बिचारा मान आखडून बसून राहिला, शेवटी उडाला. आमच्या चाळीत भाडेकरू असाच हुसकताना पाहिलाय मी.

पिल्लं वाढवायलाही अशीच फौज. एका घरट्यावर आईबापाखेरीज बरेच नर चारा घेऊन येतात. पण लहान पक्ष्यांना हे टोळकं आपल्या हद्दीत टिकू देत नाही. 2014 मध्ये सरकारनं या दादागिरीची नोंद स्थानिक पक्ष्यांना असलेला धोका म्हणून केली. गंमत म्हणजे मायनर स्वतःही स्थानिकच, त्यामुळे त्यालाही कायद्याचं संरक्षण! आणि दाट झाडोरा तोडून मोकळी झाडं-हिरवळ असा त्याला हवा तसा बंगला माणसानंच बांधून दिला, हे कुणाला सांगायचं?

साळुंकी इथे 1862 मध्ये किडे खायला म्हणून मेलबर्नला आणली गेली. हॅरिस पार्क या सिडनीतल्या भारतीय वस्तीत मिठाईच्या दुकानासमोर मला दोन सापडल्या, अगदी आपल्यासारख्या ठुमकत चालणाऱ्या. ऊर भरून आला. मोबाइल काढतोय तोवर वरून एक मायनर किंचाळत आला.

"मामा, तुमच्या पळाल्या," भाचा म्हणाला.