आमच्या स्नेहसंमेलनातला नकलांचा तास

आमच्या कामगार वसाहतीच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलन, अहवालवाचन आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. कार्यवाह या नात्याने तो अहवाल मीच वाचतो, पण माझे चित्त असते ते त्यानंतरच्या नकलांच्या तासाकडे.

आमचे एक निवृत्त फिटरकाका हा तास सुरू करतात, आणि जॉनी लिव्हर यांची हकिगत सांगितल्यावाचून त्यांना राहवत नाही. मूळ नाव जॉन प्रकाश राव जानुमला. धारावीत वाढलेल्या या तेलुगू मुलाची शाळा घरच्या ओढगस्तीमुळे सातवीतच सुटली. नटांचे आवाज काढत त्याने रस्त्यावर पेने विकली आणि पुढे तो हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात मजूर म्हणून लागला. तेथे कामगारांच्या एका कार्यक्रमात त्याने साहेबांच्या नकला केल्या आणि सहकाऱ्यांनी त्याचे नाव जॉनी लिव्हर ठेवले, इथवर आल्यावर काका चष्मा काढून खिशात ठेवतात, माइक दोन्ही हातांनी धरतात आणि क्षणभर गप्प राहतात. मजुराने साहेबांची ढब उभी करायची याला केवढी छाती लागते, हे ज्याने कारखान्यात उमेदीची वर्षे काढली त्यालाच कळते. दर वर्षी त्या क्षणी माझा गळा दाटून येतो.

पुढे कल्याणजी-आनंदजींबरोबरचे दौरे, १९८१ मध्ये सोडलेली नोकरी, १९८२ मधला सुनील दत्त यांचा ‘दर्द का रिश्ता’, आणि मग १९९३ मधल्या ‘बाजीगर’चा बाबूलाल. मधली अकरा वर्षे काका बोटांवर मोजून दाखवतात. ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दूल्हे राजा’साठी मिळालेली फिल्मफेअर पारितोषिके सर्वांना ठाऊक असतात, मला मात्र ती अकरा वर्षेच अधिक मोलाची वाटतात. त्यानंतर मुले रंगमंचावर येतात. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने पाणी सोडणाऱ्या मामांची नकल अशी हुबेहूब केली, की समोर बसलेल्या मामांनीच उठून तिला जवळ घेतले.

एवढे असूनही मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या, याचे मला फार वाईट वाटते. वसाहत सोडून गेलेली कित्येक मंडळी थेट जेवणाच्या वेळी पोहोचली. उलट गुडघे दुखत असताना दोन गाड्या बदलून बदलापूरहून आलेल्या काकू पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून होत्या.

मंडप उभारणारे, माइक सांभाळणारे, पडद्याला रात्री टाके घालणाऱ्या दोघी वहिनी, चहा करणारे आजोबा, खुर्च्या वाहणारी तालमीतली मुले आणि उरलेले जेवण डब्यांत भरून घरोघर पोहोचवणाऱ्या ताई यांचे ऋण मी अहवालात मानले होते. पण वीज गेली तेव्हा काकांच्या तोंडावर टॉर्च धरून शेवटपर्यंत उभा राहिलेला वॉचमनदादांचा मुलगा मात्र राहून गेला. यंदा पहिले नाव त्याचेच घेणार आहे.