तुम्ही विचारलंत म्हणून: रंग मारू की स्टेन लावू?

जुनं टेबल, खुर्ची, कपाट काहीही असो, मला हा प्रश्न हमखास येतो, आणि मी आधी एवढंच सांगते की ते उलटं करा. खालची बाजू किंवा ड्रॉवरची आतली कड, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे थोडं घासून बघा खाली लाकूड कसलं आहे.

स्टेन म्हणजे लाकडाला रंगछटा देणारं पातळ द्रावण, तो लाकडात मुरतो, रंग लाकडावर बसतो, सगळा फरक इथेच आहे. जुन्या पॉलिशवरच स्टेन फासला तर तो मुरणार कुठे, नुसता चिकट थर होऊन बसतो. पॉलिश लाखेचं आहे का ते कळायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा, चिकट होऊन बोळ्याला लागलं तर लाखेचंच.

लाकडाच्या नैसर्गिक रेषा सुंदर असतील तर माझी कळकळीची विनंती आहे, रंगाने झाकू नका. पण जागोजागी पुट्टी भरलेली असेल, दोन-तीन जातीचं लाकूड जोडलेलं असेल तर बिनधास्त रंग मारा, कारण पुट्टी लाकडासारखा स्टेन पीत नाही, डाग वेगळा दिसतोच.

घासताना ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात, मग १२०, आणि स्टेनसाठी १८० ला थांबते, त्याहून गुळगुळीत केलं तर लाकूड स्टेन कमी पितं. घासायचं रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन पडला की काळे उठतात, म्हणून मी आधी ओलं फडकं फिरवते, ओरखडे तिथल्या तिथे दिसतात आणि पुन्हा घासता येतं. व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर मशीन लावूच नका हो, तो थर बहुतेकदा एक मिलिमीटरसुद्धा नसतो. आणि फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तपासल्याशिवाय कोरडा घासू नका, ती धूळ मुलांसाठी फार वाईट.

लालसर लाकडाच्या एका टेबलाला मी पांढरा रंग दिला होता, दोन दिवसांत पिवळट गुलाबी डाग वर आले, अजून दोन हात दिले तरी तेच. लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातला डाग पाडणारा नैसर्गिक अंश, आणि जुन्या स्टेनचा रंग असा वर येतो, तो साध्या रंगाला ऐकत नाही, खाली लाखेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, लागतो. तो लावला आणि टेबल आजपर्यंत पांढरंशुभ्र आहे.

आणि तेलाचा स्टेन पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. बाहेर, एकेक पसरून वाळू द्या.