दाखल्यातले ‘दत्ता’ आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यानंतर तब्बल सव्वा महिना माझ्या मुलीचे नाव आठवीच्या हजेरीपत्रकात सर्वांत खाली, पेन्सिलीने लिहिलेले होते. हजेरी घेताना ते शेवटी येई आणि एखाद्या दिवशी राहूनही जाई. मग ती उभी राहून “सर, माझे राहिले” असे सांगे आणि सगळा वर्ग मागे वळून पाही. प्रवेशाचे बाकीचे टप्पे मी आता जवळजवळ विसरले आहे, पण ती पेन्सिल विसरता येत नाही, आणि हे लिहायला बसण्याचे खरे कारणही तीच आहे.

मुलीची आधीची शाळा सातवीपर्यंतचीच होती. आमच्या तालुक्याच्या गावात आठवीसाठी सर्वांत मोठी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची प्रशाला. मराठवाड्यातील अशा बऱ्याच प्रशालांप्रमाणे तीही निजामाच्या राजवटीपासूनची आहे; दगडी इमारत, भलेमोठे मैदान, पाचवी ते दहावी आणि प्रत्येक इयत्तेच्या पाच-सहा तुकड्या. एवढ्या मोठ्या शाळेत मुलीला घालावे की नाही याचा निर्णय होईना, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मी ओळखीच्या पालकांना आणि त्यांच्या मुलांना विचारत सुटले.

पालकांची मते ऐकून मी अधिकच गोंधळले. एका ताईंच्या मते तिथे शिकवण्याइतके अनुभवी शिक्षक गावात दुसरीकडे कुठेही नव्हते. त्यांच्याच शेजारच्या काकूंनी मात्र “मुले हाताबाहेर जातात, कोणाचे लक्ष नसते” असे ठामपणे सांगितले. एका गृहस्थांच्या मुलाला आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळाली होती. नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात आणि विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला त्या परीक्षेला बसताच येत नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितले. आणखी एकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या मुलीला अर्धे वर्ष गणिताचे शिक्षकच नव्हते.

मुले याच शाळेबद्दल बोलत असूनही अगदी वेगळ्या गोष्टी सांगत होती. शिस्त, निकाल, संस्कार हे शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आले नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारच्या सुट्टीनंतर पाणी नसते; प्रयोगशाळेत हात लावून प्रयोग करायला मिळतो, पण आठ जणांत मिळून; शेवटच्या दोन बाकांवरून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही; आणि ‘क’ तुकडीचा गणिताचा तास कधीही बुडत नाही. एका नववीतल्या मुलाने मला विचारले, “काकू, कोणत्या तुकडीबद्दल विचारताय?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मला परस्परविरोधी वाटणारी सगळी मते खरीच होती, फक्त ती वेगवेगळ्या तुकड्यांची होती. सेमी इंग्रजी फक्त ‘अ’ आणि ‘ब’ या तुकड्यांना होते. रिक्त पदांचा फटका बसतो तो शेवटच्या तुकड्यांना. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण लिहिलेले आहे. मी एप्रिलमध्ये डोकावले त्या आठवीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात पट ६८ असा लिहिलेला होता.

कार्यालयाबद्दल मात्र ना पालकांपैकी कोणी बोलले, ना मुलांपैकी. प्रवेश एकदा झाला की तो भाग लोकांच्या मनातून पुसला जात असावा.

आम्ही ‘अ’ तुकडीतले सेमी इंग्रजी मागायचे ठरवले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रवेशाचा अर्ज भरला. अर्ज, छायाचित्रे, मुलाखत नाही, देणगी नाही. सगळे एका सकाळी आटोपले. नंतर कार्यालयातील लिपिकांनी मुलीचे प्रगतिपुस्तक आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ताई, नावात फरक आहे. आधी दुरुस्ती करून आणा.”

माझ्या पतींचे नाव कागदोपत्री दत्तात्रय असे आहे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मुलीला शाळेत घेऊन गेले होते माझे सासरे, आणि त्यांनी घरात ज्या नावाने हाक मारतात तेच नाव, म्हणजे ‘दत्ता’, अर्जावर सांगितले. तेच जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीत गेले, तेथून प्रगतिपुस्तकात आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत. सात वर्षे कोणाचेही काही अडले नाही, आणि आम्हीही दर वर्षी त्या प्रगतिपुस्तकावर सही करत होतो, हे मान्य करायला हवे.

जुन्या शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी सुचवले की दाखला आहे तसा घेऊन जा, दुरुस्ती तिकडे करून घ्या. मी जवळजवळ तयार झाले होते. सुदैवाने प्रशालेच्या लिपिकांना फोन केला आणि त्यांनी मला अडवले. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे जनरल रजिस्टरमधील नाव, जात किंवा जन्मतारीख बदलायची ती विद्यार्थी शाळेत असेपर्यंत, आणि तीही शिक्षण विभागाच्या परवानगीने. एकदा शाळा सोडली की ते काम फार अवघड होऊन बसते. म्हणजे दाखला घेण्याची घाई केली असती तर ‘दत्ता’ हे नाव मुलीच्या मागे दहावीपर्यंत आणि कदाचित पुढेही गेले असते. त्या लिपिकांचा मला त्या दिवशी राग आला होता. आज वाटते की या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाचे वाक्य त्यांचेच होते. त्यांच्या आग्रहामागे त्यांचेही कारण होते. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरते, आणि त्या पटात आधार पडताळणी झालेली मुलेच धरली जातात, त्यामुळे नाव न जुळणारे प्रत्येक मूल त्यांच्या दृष्टीने गमावलेला पट असतो.

यानंतरचे अडीच महिने मला तारखांसकट आठवतात. १ मे रोजी निकाल लागला आणि जुन्या शाळेला सुट्टी लागली. मुख्याध्यापक गावी गेले. त्यांना पुन्हा पुन्हा विनंती केल्यावर ते २३ मे रोजी एका दिवसासाठी आले, कपाटातून रजिस्टर काढले, त्याचा उतारा दिला आणि दुरुस्तीच्या प्रस्तावावर सही केली. प्रस्तावासोबत आम्ही माझा अर्ज, मुलीचा जन्म दाखला, दोघांची आधार कार्डे, पतींचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडले होते. (मधल्या काळात एका संगणक केंद्रवाल्याने “राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागेल, मी करून देतो” असे सांगितले. राजपत्र लागते ते नाव बदलण्यासाठी. इथे जन्म दाखल्यावर नाव बरोबरच होते आणि फक्त शाळेची नोंद चुकली होती. त्याला पैसे दिले नाहीत याचे मला अजूनही समाधान वाटते.)

२६ मे रोजी प्रस्ताव तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात दाखल झाला. शाळेचे पत्र आहे, शाळाच पाठपुरावा करील, अशा भोळ्या समजुतीत मी दोन आठवडे घरी बसले. १० जून रोजी सहज चौकशीला गेले तेव्हा समजले की प्रस्तावात त्रुटी निघाली आहे आणि तसे पत्र शाळेला पाठवलेही आहे. म्हणजे सुट्टीमुळे कुलूप असलेल्या शाळेच्या पत्त्यावर. त्रुटी अशी होती की पहिलीच्या प्रवेशाचा मूळ अर्ज जोडलेला नव्हता. तो अर्ज जुन्या शाळेच्या कपाटात वाळवीने केव्हाच फस्त केला होता, आणि ‘मूळ अर्ज उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी दिले की काम भागते, हे सांगायला संबंधित टेबलावरच्या गृहस्थांना आणखी दोन फेऱ्या लागल्या. ते मॅडम म्हणून अतिशय अदबीने बोलत, खुर्चीही देत. कागद मात्र हलत नसे. साहेब बैठकीला गेलेले असत, नाही तर भेटीला गेलेले असत, आणि ज्या दिवशी साहेब असत त्या दिवशी टेबल रिकामे असे. १८ जून रोजी पूर्तता केली, आणि या वेळी शहाणपण सुचून माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागून घेतला. कोणत्याही कार्यालयात कागद दिला की पोच घ्यावी, ही गोष्ट मी इतरांना वर्षानुवर्षे सांगत आले होते आणि स्वतःच्या मुलीच्या कामात पहिल्याच वेळी विसरले होते.

त्यानंतर मी दर तीन दिवसांनी जात राहिले. उत्तर एकच असे, “प्रक्रियेत आहे.” शेवटी मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि १७ जुलै रोजी तो घेऊन कार्यालयात गेले. तो द्यावाच लागला नाही. माझा आवक क्रमांक पाहून आवक-जावक विभागातील एका तरुण मुलीने नोंदवही उघडली, बोट फिरवले आणि शेजारच्या ट्रेमधून आदेश काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर ४ जुलैची सही होती. तेरा दिवस तो आदेश तयार होऊन त्या ट्रेमध्ये पडून होता, आणि त्या तेरा दिवसांत मी चार वेळा त्याच खोलीत, त्या ट्रेपासून दहा पावलांवर उभी राहून “प्रक्रियेत आहे” हे उत्तर ऐकून परत आले होते. राग कोणावर काढावा हेही कळेना, कारण ज्या मुलीने आदेश शोधून दिला तिला माझ्या फेऱ्यांची कल्पनाच नव्हती. म्हणून सांगते, साहेबांच्या टेबलापाशी चौकशी करण्याआधी जावक नोंदवही पाहायला सांगा.

इकडे जूनच्या मध्यावर प्रशाला सुरू झाली होती. दाखल्याशिवाय मुलीला बसू देणार नाही असे पहिल्या दिवशी सांगण्यात आले, तेव्हा मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि शिक्षण हक्क कायद्यातील कलम ५ चा मुद्दा मांडला. दाखला आणायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही असे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि हा कायदा आठवीपर्यंत लागू आहे. (नववीत प्रवेश घेणाऱ्यांना मात्र याचा आधार घेता येणार नाही, हे ध्यानात ठेवावे.) मुख्याध्यापिकांनी वाद घातला नाही, हमीपत्र लिहून घेतले आणि मुलीला वर्गात पाठवले. पाठ्यपुस्तकांचा मोफत संचही पहिल्याच आठवड्यात मिळाला. फक्त नाव पेन्सिलीने लिहिले गेले, आणि तुकडी मिळाली ती ‘ई’, कारण ‘अ’ आणि ‘ब’ कागदपत्रे पूर्ण असलेल्या मुलांनी मे महिन्यातच भरल्या होत्या.

आदेश हाती आल्यावर पुढचे काम दोन दिवसांचे निघाले. १९ जुलै रोजी रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती झाली आणि दाखला मिळाला. एक गोष्ट त्या वेळी राहून गेली होती, ती इथे सांगते: दाखला हातात मिळणे म्हणजे ऑनलाइन शाळा सुटणे नव्हे. यू-डायस प्लसवर जुन्या शाळेने मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्याकडे घेऊ शकत नाही, आणि त्यासाठी मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला सगळे ‘पेन’ म्हणतात, तो लागतो. तो क्रमांक जुन्या शाळेतून लिहून आणावा. आम्ही आणला नव्हता, त्यामुळे आणखी एक फेरी झाली आणि २४ जुलै उजाडला. त्या दिवशी वर्गशिक्षकांनी पेन्सिलीचे नाव खोडून शाईने लिहिले. मुलीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे तिला दिसू दिले नाही.

ज्यांचे मूल सहावी-सातवीत आहे त्यांनी आजच प्रगतिपुस्तक, जन्म दाखला आणि आधार कार्ड एकत्र ठेवून नावातील एकेक अक्षर, वेलांटीसकट, तपासावे. फरक असेल तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अर्ज द्यावा. मे महिना या कामाचा नाही. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात शाळेच्या नोंदीतलेच नाव जाते आणि गुणपत्रिकेवर ते छापले गेले की दुरुस्तीसाठी विभागीय मंडळाच्या दारात जावे लागते.

तुकडीचे सांगायचे राहिले. सहामाहीनंतर ‘अ’ तुकडीत एक जागा रिकामी झाली आणि मुख्याध्यापिकांनी आठवण ठेवून आम्हाला विचारले. एवढ्या मोठ्या शाळेत त्यांना आमचे प्रकरण लक्षात राहिले याचे मला आश्चर्य वाटले, आणि मी लगेच होकार दिला. मुलीने नकार दिला. ‘ई’ तुकडीला त्या वर्षी गणिताला ‘क’ तुकडीचेच सर मिळाले होते, तिसऱ्या बाकावर तिची जागा पक्की झाली होती आणि दोन मैत्रिणी झाल्या होत्या. “सेमी नसले तरी चालेल,” असे ती म्हणाली. मला ते पटले नाही, आणि या विषयावर आमचे अजूनही एकमत नाही.

यंदा शेजारच्या घरातून त्याच प्रशालेबद्दल विचारणा झाली. मी त्या माउलीला दाखला, पोच, जावक नोंदवही असे अर्धा तास सांगत राहिले. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने त्यांच्या मुलीला एवढेच सांगितले की पाण्याची बाटली घरून मोठी आणायची, दुपारनंतर नळाला पाणी नसते.