एक तक्रार, दोन आवाज

नुसतं ‘वळताना आवाज येतो’ एवढ्यावर गाडी तपासायला घेतली की अर्धा दिवस गेलाच समजायचं. अॅक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट, टाय रॉड एन्ड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, लिंक रॉड, व्हील बेअरिंग, पॉवर स्टिअरिंगचा पंप, डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा... काहीही असू शकतं. एकदा तर डिकीत गडगडणारी बाटली निघाली होती.

त्या दिवशी आलेल्या काकांनी मात्र गाडीची चावी देण्याआधी खिशातून वही काढली. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये उजवा अॅक्सल आणि लिंक रॉड बदलून झाले होते, आवाज जागच्या जागी. ‘उजवीकडूनच येतो, दादा, माझी खात्री आहे,’ काका म्हणाले. मी वही मागून घेतली. गाडी थंड होती की गरम, वेग किती, वळण कुठल्या बाजूचं, सगळं टिपलेलं. ‘पार्किंगमधून काढताना टण्ण.’ खाली ‘मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळताना घूंऽऽ.’ आणि मग माझ्या कामाची ओळ: ‘गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं, तरी टण्ण.’

या ओळीने निम्मी यादी खोडली गेली. अॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये खाचांतून फिरणारे गोळे असतात, बहुतेक गाड्यांत 6. खाचा झिजल्या की स्टिअरिंग पूर्ण कापून अॅक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट ऐकू येतं. पण त्याला चाक फिरायला हवं. व्हील बेअरिंगचंही तेच. गाडी जागेवर उभी आणि तरी आवाज, म्हणजे शोधायचं ते फक्त स्टिअरिंगबरोबर हलणाऱ्या भागांत.

हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला, इंजिन चालू ठेवलं आणि पोराला आत बसवलं. ‘सावकाश फिरव रे, घाई नको.’ चाकाच्या कमानीतून हात घालून उजव्या स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवला. (बोटं वेटोळ्यांच्या मधे कधीही घालायची नाहीत.) उजवी स्प्रिंग अलगद फिरली, काही नाही. डावीकडे गेलो. तिथे शॉकअप फिरत होता, पण स्प्रिंगचं वरचं टोक जागेवर अडून बसलेलं. ती पिळत गेली, गेली आणि टण्णकन उडी मारून सुटली. हाताला चक्क झटका बसला.

काकांना पटेना. मग त्यांचाच हात तिथे ठेवला. पुढच्या टण्णला ते दचकून मागे सरले, आणि मग हसले. आवाज पत्र्यातून डॅशबोर्डपर्यंत पोचतो, आत बसलेल्याला भलत्याच बाजूने ऐकू येतो. म्हणून अशा वेळी माझा कानापेक्षा हातावर जास्त भरवसा.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र जोडलेले. स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर अख्खा शॉकअप आणि त्याच्यावरची स्प्रिंग फिरते. बॉडीला बोल्टने आवळलेलं वरचं माउंटिंग मात्र फिरत नाही. या दोघांच्या मधे एक चपटं बेअरिंग असतं. धूळपाणी जाऊन ते गंजलं की अडकतं, आणि मग सगळा पीळ स्प्रिंगवर येतो.

बोल्टच्या जागांवर खुणा करून स्ट्रट उतरवला. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती टोकांना सैल होईपर्यंत दाबली, मगच मधला नट सोडला. काहीजण कॉम्प्रेसर न लावता तो नट सोडतात. अशा माणसाच्या शेजारी मी उभाही राहत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, जीवही जाऊ शकतो.

बेअरिंगच्या आत ग्रीसच्या जागी तांबडा चुरा होता. उजव्या बाजूचंही काढून पाहिलं. अडकलं नव्हतं, पण बोटांनी फिरवताना करकर लागत होती. काकांच्या हातात दिलं, त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं आणि ‘दोन्ही बदला’ म्हणाले.

जोडून ट्रायलला निघालो, काका शेजारी. टण्ण गेला होता. मोठ्या रस्त्याला लागलो, वेग वाढला आणि डाव्या वळणावर बारीक घूंऽऽ सुरू झालं. उजवीकडे वळलो, थांबलं. ‘हाच तो!’ काका म्हणाले.

हा तो नव्हताच, हा दुसरा होता. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून डाव्या वळणावर वाढणारी घरघर बहुतेक वेळा उजव्या बेअरिंगची. उजवीकडून आवाज येतो हे काकांचं म्हणणं खरंच होतं, फक्त त्यांनी आणि आधीच्या मेकॅनिकनेही दोन्ही आवाज एकाच खाती टाकले होते.

परत येऊन गाडी लिफ्टवर घेतली. पुढचं उजवं चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नाही. इथेच पुष्कळ जण बेअरिंग ठीक आहे म्हणून सोडून देतात. मी पुन्हा स्प्रिंगवर हात ठेवला आणि चाक फिरवलं. वाळूवरून फिरल्यासारखी थरथर हाताला लागली. डाव्या चाकाला तसं काही नव्हतं. नवं बेअरिंग प्रेसवर बसवून घेतलं, तेव्हा कुठे दुसऱ्या ट्रायलला गाडी गप्प झाली. स्ट्रट खोलला होता, त्यामुळे शेवटी अलाइनमेंट.

‘मग नवा अॅक्सल फुकटच घातला म्हणायचा?’ काकांनी विचारलं. जुना मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यावर काय बोलणार? पण नव्याच्या बाहेरच्या जॉइंटवरच्या रबरी बूटची क्लॅम्प नीट आवळलेली नव्हती. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ताजे थेंब उडालेले दिसले. बूट पुसून, कमी झालेलं ग्रीस भरून नवी क्लॅम्प लावली. काकांना सांगितलं, महिन्याभराने तिथे बोट फिरवून बघा. चिकट लागलं तर या. आणि पूर्ण वळणावर अॅक्सिलरेटर दिल्यावर कट-कट ऐकू आलं, तर वहीत लिहीत बसू नका, सरळ गाडी घेऊन या.