मोडीत सोडलेली नाणी

नाणी जमवणाऱ्या माणसाकडे एका नाण्याचं कधीच एक नाणं नसतं, अल्बममध्ये एक आणि त्याची भावंडं बिस्किटाच्या डब्यात. त्या डब्याचा मला वैताग आला आणि हल्ली मी ती भावंडं चक्क खर्च करून टाकतो. वडापाव घेतला की तीन जाडे पाच काढून द्यायचे, ते १९९२ पासून यायचे ते, नऊ ग्रॅम वजनाचे, खिशात चार ठेवले तर पँट खाली ओढणारे. वडापाववाल्या दादांनी परवा त्यातला एक तळहातावर उडवून बघितला, "आयला, हा अजून चालतो?" म्हणाले, आणि दोन गल्ल्यात टाकून एक शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. झालं, आपलं काम झालं.

घरी अर्थात यावर, आधी जमवायची आणि मग वाटायची, डोकं ठिकाणावर आहे का, अशी चर्चा असते. पण मला सांगा, कोणाला हा नाद अल्बम बघून लागलाय का? अल्बम बघून लोक "अरे वा" म्हणतात आणि चहा पितात. नाद लागतो तो वाण्याने परत दिलेल्या मोडीत भलतंच काहीतरी निघालं की, कारण ते आपल्याला सापडलेलं असतं, कोणी दाखवलेलं नसतं. आणि आता मोड आहे कुठे, पाच रुपयांच्या कोथिंबिरीलाही लोक स्कॅन करतात, पोरांच्या हाताला नाणं लागतच नाही.

अमेरिकेच्या टांकसाळीने २०१९ मध्ये हाच उद्योग सरकारी पातळीवर केला होता. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत डब्ल्यू खूण असलेले क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, पाडले, पाच डिझाइनचे प्रत्येकी २० लाख, आणि गुपचूप बाकीच्या चिल्लरीत मिसळून दिले, शोधा म्हणाले. लोक बँकेतून नाण्यांचे रोल आणून घरी फोडत बसले. आपल्याकडे असं कोणी करेल तेव्हा करेल, तोवर माझा डबा आहे.

आता सगळंच काही खर्चता येत नाही. चार आणे आणि त्याखालचं सगळं ३० जून २०११ पासून बंद, ते दुकानात दिलं तर गंमत नाही, फसवणूक होईल. आठ आणे कायद्याने चालू आहेत पण वाणी अशा नजरेने बघतो की आपणच परत खिशात घालतो. दहाच्या नाण्यांचं तर विचारूच नका, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की चौदाच्या चौदा डिझाइन खरी आहेत, तरी "दहाचा डॉलर चालत नाही" ऐकवणारे आहेतच, आणि मागे भाजीची रांग असताना कायदा शिकवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. म्हणून एक, दोन आणि पाच.

त्यातही माझी आवड अकरा कोनी दोन रुपयांवर. नेहमीच्यावर भारताचा नकाशा असतो, पण १९९९ च्या एकावर छत्रपती शिवाजी महाराज आहेत आणि २००२ च्या एकावर तुकोबा, आणि १९९९ चाच स्टीलचा एक रुपया आहे त्यावर ज्ञानेश्वर माउली. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी माउलींचा रुपया दिला आणि माझ्या पाठोपाठ पेन्सिल घ्यायला आलेल्या मुलीला तोच परत गेला, मुद्दाम रेंगाळलो होतो हे उघड आहे. तिने उलटासुलटा केला, मग मला विचारलं, "काका, हा खरा आहे?" म्हटलं खरा आहे, आणि सालाच्या खाली बघ, छोटा चौकटचा ठिपका असेल तर मुंबईत पाडलाय, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ती रुपया नाकाला लावून ठिपका शोधत बसली आणि पेन्सिल काउंटरवरच विसरली.

मोठ्या माणसांचं मात्र अवघड आहे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, याचे किती लाख मिळतील? वैष्णोदेवीचं पाचचं नाणं २०१२ चं, त्याला लाखो रुपये मिळतात असे मेसेज फिरून फिरून गुळगुळीत झालेत, मग कोणीतरी फोन करून आधी कमिशन भरा म्हणतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की बाबांनो, जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि असलं कमिशन आम्ही मागत नाही. मी विचारणाऱ्याला सांगतो की पाचचे पाच मिळतील, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तर माझा हिशोब असा आहे, मॉलमध्ये द्यायचं नाही, तिथली चिल्लर थेट बँकेत जाते. शाळेजवळची टपरी, बोरं विकणाऱ्या मावशी, सायकलचं पंक्चर काढणारा, जिथे मोड पोरांच्या हातात जाते तिथे द्यायचं. चांदीचं आणि प्रूफ, म्हणजे जमवणाऱ्यांसाठी खास चकचकीत पाडलेलं, काही देत नाही, एवढाही उदार नाही मी. आणि रेल्वेच्या दीडशे वर्षांचं २००३ चं दोन रुपयांचं आहे ना, हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती असलेलं, ते जास्तीचं असूनही अजून सुटत नाहीये. दोनदा खिशात घालून नेलं आणि दोन्ही वेळा गूगल पे केलं.